मुखपृष्ठावरचा शब्द मिलादिनोव बंधूंचाच

हिंदी कवी अज्ञेय यांना १९८३ साली ज्या स्त्रुगा गावच्या काव्यमहोत्सवात गौरवलं गेलं, त्याच गावचे दिमितर आणि कोन्स्तान्तिन मिलादिनोव. या भावांनी जमवलेली सहाशेहून अधिक लोकगीतं १८६१ मध्ये झाग्रेबला छापली गेली. पुस्तकाचं नाव 'बल्गेरियन लोकगीते'. गाव आज उत्तर मॅसिडोनियात आहे. तिथले अनेक इतिहासकार सांगतात, आणि समाजमाध्यमांवर तेच फिरतं, की 'बल्गेरियन' हा तेव्हा नुसता सोयीचा शब्द होता. त्याचा अर्थ 'स्लाव' एवढाच, म्हणजे सर्ब, क्रोएशियन, बल्गेरियन हे सगळे ज्यात येतात तो मोठा समूह.

मला हे पटत नाही.

'स्लाव' म्हणायचं असतं तर सर्बियन, क्रोएशियन गीतंही आली असती. आली ती मुख्यतः मॅसिडोनियातली, आणि त्यांच्या जोडीला थेट मध्य बल्गेरियातल्या पनाग्युरिश्तेची. भावांच्या मनात या शब्दाची हद्द कुठवर होती, ते या निवडीतच दिसतं.

नाव छपाईचा खर्च उचलणाऱ्या बिशपने लादलं म्हणावं, तर ते बिशप श्ट्रोसमायर क्रोएशियन कॅथलिक; त्यांना 'बल्गेरियन' शब्दाचं काय पडलेलं? त्यांचा आग्रह होता तो लिपीचा. भावांचं शिक्षण ग्रीक शाळांत झालेलं, त्यामुळे हस्तलिखित ग्रीक अक्षरांत होतं. ते सिरिलिकमध्ये, म्हणजे रशियन-बल्गेरियन लिहितात त्या लिपीत, उतरवायला बिशपनी लावलं.

आणि सगळ्यात बोलकं आहे ते जानेवारी १८६१ चं पत्र. कोन्स्तान्तिन बल्गेरियन संपादक रकोव्स्कींना कळवतो: पुस्तकाच्या जाहिरातीत मी मॅसिडोनियाला पश्चिम बल्गेरिया म्हटलंय, तसंच म्हणायला हवं, कारण व्हिएन्नात ग्रीक आम्हाला मेंढरांसारखं हाकतात. हा राग आतून आलेला आहे. सोयीसाठी शब्द वापरणारा माणूस असं लिहीत नाही.

पण यावरून 'मॅसिडोनियन लोक म्हणजे बनावट' असं बल्गेरियाच्या राजधानीतून, सोफियातून, कुणी म्हणू लागलं, तर तेही तितकंच चूक. मॅसिडोनियन प्रमाणभाषा १९४५ मध्ये ठरली, तिच्यात पिढ्या शिकल्या, कविता लिहिल्या गेल्या. आज कुणी स्वतःला काय म्हणवून घ्यावं, हे १८६१ चं पत्र ठरवू शकत नाही. २०२० मध्ये बल्गेरियाने याच वादापायी शेजाऱ्याची युरोपीय संघाची वाट अडवली, तो सरळ अन्याय होता.

दोघे भाऊ जानेवारी १८६२ मध्ये इस्तंबूलच्या तुरुंगात वारले. उत्तर मॅसिडोनियाच्या राजधानीत, स्कोप्येत, शताब्दीला त्यांचं पुस्तक निघालं ते नुसतं 'संग्रह' या नावाने. पुढच्या आवृत्तीवर मूळ नाव जसंच्या तसं छापा, आणि प्रस्तावनेत हवा तेवढा वाद घाला.