आम्ही आपले सदैव ऋणी

लग्नाच्या फोटोंचा धंदा सुरू करताय? अभिनंदन. कॅमेरा हप्त्यावर मिळतो, लेन्स भाड्यानं मिळते, ड्रोनवाला रोजावर येतो. कृतज्ञता मात्र स्वतःची लागते आणि ती पहिल्या चौकशीपासून लागते. व्यवसायावर भाषणं देणारे हल्ली सांगतात, की सकाळी उठल्यावर आपण ज्यांचे ऋणी आहोत अशा तीन जणांची नावं वहीत लिहावीत. जरूर लिहा. शेजारच्या पानावर कुणाकडून किती येणं बाकी आहे तेही लिहा. दोन्ही पानांवर नावं तीच निघतील. घाबरू नका, धंदा बरोबर चाललाय.

गिऱ्हाईक स्टुडिओत एकटं येत नाही. मुलीचे वडील, आई, मुलगी आणि एक मामा येतात. मामांकडे एके काळी रोलचा कॅमेरा होता, त्यामुळे त्यांना यातलं कळतं. मुलीच्या मोबाइलमध्ये उदयपूरच्या तलावाकाठचं कुणाचं तरी लग्न सेव्ह केलेलं असतं आणि तिला तसंच्या तसं बायपासजवळच्या मंगल कार्यालयात, कूलरच्या घरघरीत हवं असतं. हो म्हणा. दोन दिवसांचं काम, दोन ट्रॅडिशनल फोटोग्राफर, एक कँडिड म्हणजे नकळत टिपणारा, व्हिडिओ, ड्रोन, 12 बाय 36 चा अल्बम, असं सगळं मांडून सव्वा लाख सांगा. सगळे गप्प होतात. मग मामा खुर्ची पुढे ओढतात आणि म्हणतात, ‘‘अहो, घरचंच कार्य समजा.’’

नवखे इथे आकडा वाचवायला धडपडतात. तसं करू नका. वीस मिनिटांपूर्वी ज्यांचं नावही माहीत नव्हतं, त्या माणसांनी तुम्हाला घरचं म्हटलंय. ऐंशी हजारांवर या आणि हात जोडा. पंचेचाळीस हजारांत घर कुठे मिळतं आजकाल? केटररला हे भाग्य नाही. त्याला कुणी घरचं म्हणत नाही, तो ताटं मोजून पैसे घेतो आणि परका तो परकाच राहतो.

एक पथ्य मात्र पाळा. बिल देऊ नका. बिलावर 18 टक्के जीएसटी दिसला की घरचं कार्य त्याच क्षणी तुमचं तुम्हाला लखलाभ होतं. सेवा व्यवसायात वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तर नोंदणी लागत नाही. म्हणून तर कित्येक स्टुडिओ साडेएकोणीस लाखांच्या पुढे कधी गेलेच नाहीत. इतकी समाधानी माणसं दुसऱ्या कुठल्या धंद्यात सापडायची नाहीत.

हे साडेएकोणीस लाखही बारा महिन्यांत यायचे नसतात. तुळशीचं लग्न लागलं की आपली सुरू होतात, मध्ये पौषात बरेच जण हात आखडतात आणि आषाढी एकादशीला चातुर्मास लागला की स्टुडिओत आधार कार्डाचे फोटो आणि शाळेची ओळखपत्रं. काढीव मुहूर्तवाला एखादा सापडला तर त्याचे विशेष ऋणी राहा. मुलाला परदेशी जायचं असतं, घाई त्याला असते, सवलत तुम्ही द्यायची असते.

आता लग्नाचा दिवस. हळदीला पहाटे पोहोचा. घरच्या माणसानं सगळ्यांच्या आधी यायचं, सगळ्यांच्या नंतर जायचं आणि शेवटच्या पंगतीला बसायचं असतं. तुम्ही बसता तेव्हा मठ्ठा संपलेला असतो आणि जिलबीच्या परातीत पाक उरलेला असतो. वाढपी विचारतो, ‘‘मुलीकडचे का मुलाकडचे?’’ तुम्ही म्हणता, ‘‘फोटोवाले.’’ तो वळून आचाऱ्याला विचारायला जातो. एवढ्यात वरमाई तुम्हाला शोधत येतात, कारण व्याह्यांच्या भेटीचा फोटो राहिलाय. भेट मघाशीच झाली, फोटोही काढलाय. पण त्यात त्यांची पैठणी नीट दिसली नसेल असं त्यांना वाटतंय. घास ठेवा, उठा. दोन्ही व्याही पुन्हा गळ्यात पडतील. दुसऱ्या भेटीत जिव्हाळा जास्त दिसतो, कारण तोवर दोघांचं जेवण झालेलं असतं.

कृतज्ञतेची खरी परीक्षा अंतरपाटाशी. मुहूर्त 12 वाजून 27 मिनिटांचा. स्टेजवर दोन गुरुजी, दोन मामा, करवल्या, कलश, समया आणि तुमचा एका पायावर उभा असलेला माणूस. शेवटची मंगलाष्टका चालू आहे, कुणाच्या तरी हौशी मावशी ती वरच्या पट्टीत लांबवताहेत. तुम्ही गुडघ्यावर, बोट बटणावर. ‘सावधान’ झालं, पाट खाली आला, वधूनं मान वर केली, आणि तुमच्या लेन्समध्ये आला नवरदेवाच्या मावसभावाचा मोबाइल. काळं कव्हर, कोपऱ्यात तडा, कव्हरच्या आत खोचलेली शंभराची नोट. नोटेवरचा नंबरसुद्धा वाचता येईल इतका सुरेख फोकस. मागे कुठेतरी दोन माणसांचं लग्न लागलं. तेवढ्यात तांदूळ येतात. शास्त्र म्हणतं, अक्षता डोक्यावर पडाव्यात. मागच्या रांगेतले तरुण त्या नेम धरून फ्लॅशवर मारतात.

अशा वेळी मावसभावाला ढकलू नका. त्याचे आभार माना. रात्री तो ती क्लिप सगळ्या ग्रुपवर टाकतो आणि वधूचे वडील तुम्हाला फोन करून सांगतात, ‘‘बघा, पोरानं मोबाइलवर किती छान काढलंय. तुमचं कधी मिळणार?’’

ड्रोनबद्दल थोडक्यात. ड्रोन नियम 2021 प्रमाणे 250 ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनला पायलटचा परवाना लागत नाही. तेव्हापासून तालुक्यातल्या यच्चयावत ड्रोनचं वजन 249 ग्रॅम आहे. तो कार्यालयात खाली आणला की मुंडावळ्या आडव्या होतात, गुरुजींचं उपरणं उडतं आणि होमातली राख विहिणीच्या केसांत जाते. दृश्य मात्र वरून फार भव्य येतं. त्यात कुणाचाच चेहरा दिसत नाही, म्हणून कुणाची तक्रारही येत नाही.

मग ग्रुप फोटो. याला शूटिंग म्हणण्यापेक्षा तंटामुक्ती म्हणणं बरं. थोरले काका जमिनीच्या वाटणीपासून धाकट्यांच्या शेजारी उभे राहत नाहीत. आत्यांचं पत्रिकेत नाव खाली आलं म्हणून त्या हॉलच्या दाराशी चप्पल घालून तयार आहेत. जावईबापूंना आहेराच्या वेळी टोपी मिळाली, शेल्यासकट मिळाली नाही. हे सगळं तुम्हाला कुणी सांगत नाही, तुम्ही ते उभं राहण्याच्या अंतरावरून ओळखायचं असतं. ‘‘काका, जरा आत सरका’’ म्हणालात की पंचवीस वर्षांचा दावा तुमच्या अंगावर येतो. माझा सल्ला असा, की मध्ये एखादं लहान मूल उभं करा. ते हललं म्हणून फोटो बिघडतो, घरात भांडण झालं म्हणून नाही.

‘घरचे’ या पदवीची एकदा सरकारी मोजणीही झाली. एप्रिल 2021 मध्ये, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, राज्यात लग्न म्हणजे एकच हॉल, जास्तीत जास्त दोन तास आणि 25 माणसं, असा नियम आला. मोडला तर 50 हजार रुपये दंड. पंचविसांत कोण बसतं हे त्या आठवड्यात घरोघरी ठरलं. रुसलेले काका बसले, आत्या बसल्या. फोटोवाल्याला फोन आला, ‘‘तुम्ही समजून घ्याल, घरचेच आहात.’’ आणि मावसभावानं मोबाइलवर काढलं. त्या हंगामात ज्यांनी इसार परत मागितला नाही, त्यांचे ऋणी राहा. ज्यांनी मागितला त्यांचेही राहा. निदान आठवण तरी ठेवली.

आता तुमची पाळी. इतका वेळ गिऱ्हाईक पैशांच्या जागी कृतज्ञता देत होतं, तुम्ही ती कामाच्या जागी द्यायला शिका. लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी इन्स्टाग्रामवर पोस्ट टाका: ‘या गोड जोडप्याच्या आयुष्यातल्या सर्वांत सुंदर क्षणाचे साक्षीदार होता आलं, शब्द अपुरे आहेत.’ शब्द अपुरे आहेत हे सांगून झाल्यावर खाली हॅशटॅग द्या. सोबत वधूचे दहा फोटो. तिच्या आजोबांनी अजून एकही पाहिलेला नाही, पण नागपूरच्या एका होणाऱ्या नवरीनं ‘प्राइस प्लीज’ विचारलेलं असतं.

कुणी वकील पाहुणा हरकत घेईल. 1957 च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 17 तो दाखवेल: पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, काढून घेणारा असतो, काढणारा नव्हे. थोडक्यात, तुम्ही जाहिरातीला लावलेलं छायाचित्र तुमचं नाही. अशा वेळी जाहिरात शब्दच वापरू नका. म्हणा, ‘‘आम्ही फक्त आभार मानले.’’ आभार मानल्याबद्दल कुणी दावा लावत नाही.

अल्बमचं वेळापत्रकही याच तत्त्वावर चालतं. चार हजार फोटो निघतात. त्यातले दोनशे निवडून द्या म्हणून तुम्ही पेनड्राईव्ह देता. तो आधी मुलीकडे राहतो, मग मुलाकडे. मुलीकडचे फक्त मुलीकडचे निवडतात, मुलाकडचे मुलाकडचे, आणि दोन्ही याद्यांत नवरा-नवरी एकत्र असलेले मिळून नऊ निघतात. हे चालू असेपर्यंत तुम्ही सुरक्षित आहात. यादी चुकून वेळेवर आलीच, तर दर पंधरवड्याला एक निरोप पाठवा: ‘आपल्या संयमाबद्दल मनःपूर्वक आभार.’ संयम त्यांच्याकडे नसतो, पण आभार मानले की माणसाला तो दाखवावा लागतो. उशिराचं कारण विचारलं तर म्हणा, ‘‘प्रत्येक पान आम्ही मनापासून करतो.’’ पानं मनापासून करणारा मुलगा वेगळाच असतो. रात्री दोन वाजता, पानामागे ठरलेल्या पैशांत, एकाच गुलाबी पार्श्वभूमीवर तो तुमच्याबरोबर आणखी सहा स्टुडिओंची लग्नं लावत असतो. कधी एका लग्नाचे मामा दुसऱ्याच्या अल्बममध्ये जातात. बहुतेकांच्या लक्षात येत नाही. मामा सगळीकडे सारखेच उभे राहतात.

धंदा फक्त लग्नांवर ठेवू नका. डोहाळजेवण, बारसं, मुंज, साठीशांत, सहस्रचंद्रदर्शन, एकदा घरचे झालात की कुटुंब पुरतं. आणि कधीतरी एक फोन येतो, ज्यात घासाघीस नसते. ‘‘आजी गेल्या. त्यांचा एखादा चांगला फोटो असेल ना तुमच्याकडे? आमच्याकडे सगळे मोबाइलवरचे, हललेले.’’ जुनी हार्ड डिस्क काढा. आजी लग्नभर खुर्चीवर होत्या. कुणी त्यांना फोटोसाठी बोलावलं नव्हतं. पंगतीच्या फोटोत कडेला आल्यात, हातात वाटी, कुणाकडे तरी बघून हसताहेत. वाटी कापा, शेजारचं पाणी पिणारं पोरगं पुसा, पदर खांद्यावर थोडा वर घ्या, दहाव्याच्या आत फ्रेम करून द्या. याचे पैसे सांगायचे नसतात आणि ते विचारतही नाहीत. इथे मला थट्टा सुचत नाही. पुढे जाऊ.

पुढे बाकी आहे. म्हणजे वीस हजार. लग्नानंतर ते हनिमूनवरून आल्यावर मिळणार असतात, मग अल्बम बघितल्यावर, मग दिवाळीनंतर. कायदा तुमच्या बाजूनं आहे: केलेल्या कामाच्या पैशांसाठी काम झाल्यापासून तीन वर्षांत दावा लावता येतो आणि मुदतीच्या आत गिऱ्हाईकानं बाकी असल्याचं सही करून लिहून दिलं तर ती तीन वर्षं नव्यानं मोजतात. पण ज्यांनी घरात घेतलं त्यांच्यापुढे स्टॅम्प पेपर कसा धरणार? शिवाय ग्राहक आयोगाचं दार त्यांनाही दोन वर्षं उघडं असतं आणि मामा दुसऱ्याच कुणाच्या तरी अल्बममध्ये असतात. तेव्हा दोन्हीकडचे हात जोडलेले बरे.

आता राहिला तुमचा असिस्टंट. विशाल म्हणा, गणेश म्हणा, पत्र्याच्या पेटीवर चढून चार तास लाइट धरणारा. बल्बच्या उष्णतेनं त्याच्या मनगटाला चट्टा उठतो. मुंडावळ्या सरळ करायला तो धावतो, वधूच्या शालूचा घोळ तो पसरतो, बॅटऱ्या तो चार्ज करतो, कार्ड तो जपतो. महिना संपल्यावर तो दाराशी रेंगाळला की त्याला आत बोलवा, चहा सांगा, खांद्यावर हात ठेवा. म्हणा, ‘‘अरे, तू काय परका आहेस का?’’ एवढं म्हटलं की त्याचे पाच हजार पुढच्या महिन्यावर जातात. ही युक्ती तुम्ही पंचेचाळीस हजारांना शिकलात, पाच हजारांत वसूल होतेय, तोटा नाही.

दोन सिझननंतर तो काम सोडेल. सांगणार नाही, फक्त फोन उचलणं बंद करेल. मग एका सकाळी त्याचं नवं पेज दिसेल, सोनेरी अक्षरांत नाव, खाली ‘वेडिंग अँड फॅमिली’. पहिलीच पोस्ट तुमच्यावर: ‘ज्यांनी माझ्या हातात पहिल्यांदा कॅमेरा दिला त्या सरांचा मी सदैव ऋणी.’ सोबत दहा फोटो. ओळखीच्याच कार्यालयातले, ओळखीच्याच कुटुंबातले. धाकट्या मुलीचं लग्न होतं. तुमच्या वीस हजारांची बाकी ज्यांच्याकडे आहे तेच मागच्या रांगेत मामांसह उभे आहेत, आणि दर काय लागला असेल याचा अंदाज तुम्हाला येतोच. पोस्टला बदाम द्या, खाली ‘खूप मोठा हो’ लिहा, आणि तुमच्या दोन बॅटऱ्या त्याच्याकडे राहिल्यात त्या त्याला वेगळ्या मेसेजवर मागा.