नुसती यादी देऊन भागत नाही

"सोळा वर्षांची मुलगी गरोदर राहिली, तर तिला मदत कुठे मिळेल हे, संस्थांची अख्खी यादीच, फोनवर पाच मिनिटांत सापडतं," बंड्या म्हणाला, आणि कट्ट्यावर वादाला तोंड फुटलं.

नर्सताईंची उभी हयात प्रसूती विभागात गेलेली. त्या उसळल्याच. "सापडतं, पण कोणाला? जिचा फोन घरातले सगळे चाळतात तिला? जिला 'मी गरोदर आहे' हे अजून स्वतःशीही म्हणवत नाही तिला?"

"तिनं नाही तर घरच्यांनी शोधावं," अण्णा म्हणाले. "बाहेरच्यांनी मध्ये पडायचं कारणच काय?"

मास्तर सावकाश बोलले. "घरचे पाठीशी उभे राहिले तर सोनंच. पण कधी कधी तिची ही अवस्था करणारा माणूस त्याच घरातला असतो, अण्णा."

यावर कुणाला काही सुचेना. नर्सताईंनीच पुढे सांगितलं की म्हणूनच कुठल्याही दवाखान्यात मुलीला एकदा तरी एकटीला आत घेऊन बोलायला हवं, सोबत आई आलेली असली तरी. आणि मुलगी अल्पवयीन असेल तर बऱ्याच देशांत डॉक्टर-नर्सना कायद्यानं ते सरकारी यंत्रणेला कळवावं लागतं. ते तिनं तोंड उघडण्याआधी तिला सांगायचं, नंतर नाही. मला हे फार पटलं. विश्वास टाकून बोललेली मुलगी एकदा फसवली गेली की परत त्या दारात येत नाही, आणि पुढच्या तपासण्याही बुडतात. तेव्हा कुठल्याही संस्थेला फोन लावला की पहिला प्रश्न हाच: आमचं बोलणं कोणाकोणाला कळेल?

"आणि दुसरा," नर्सताई म्हणाल्या, "तुम्ही तिला सगळे मार्ग सांगता का? मूल ठेवणं, दत्तक देणं, गर्भपात, जे कायद्यात बसतं ते सगळं. काही केंद्रं मदतीच्या नावाखाली एकाच बाजूला ढकलतात. प्रश्न सरळ विचारायचा. उत्तर देताना गोलगोल बोलले तर दुसरीकडे जायचं."

बंड्यानं मान डोलवली, पण घाई कशाची, हे त्याला कळत नव्हतं. त्यावर नर्सताईंनी त्याला चांगलंच झापलं. जागतिक आरोग्य संघटना गरोदरपणात किमान ८ वेळा तपासणी सांगते, पहिली १२ आठवड्यांच्या आत. लपवाछपवीत नेमके तेच आठवडे जातात. विशीच्या आतल्या आयांना बाळंतपणातले झटके आणि नंतरचा जंतुसंसर्ग यांचा धोका विशी ओलांडलेल्यांपेक्षा जास्त, आणि बाळ कमी वजनाचं किंवा अपुऱ्या दिवसांचं होण्याचाही. डोकं फार दुखतंय, डोळ्यांपुढे अंधारी येतेय, तोंड-हात सुजलेत, असं दिसलं तर संस्था शोधत बसायचं नाही, थेट रुग्णालय गाठायचं.

"मग उपाय सोपा आहे," बंड्या म्हणाला. "दर मुलीमागे एक नर्स घरी पाठवायची."

हे झालेलं आहे, असं मास्तर म्हणाले. न्यूयॉर्क राज्यातल्या एल्मायरा इथे १९७०च्या दशकाच्या अखेरीस डेव्हिड ओल्ड्स यांनी पहिलटकरणींच्या घरी नर्सेस पाठवायला सुरुवात केली, गरोदरपणापासून मूल दोन वर्षांचं होईपर्यंत. पंधरा वर्षांनी पाहिलं, तर ज्या घरी नर्स जात होती तिथे मुलांच्या छळाच्या आणि हेळसांडीच्या नोंदी कमी होत्या.

"बघा!" बंड्या.

"थांब. तीच योजना इंग्लंडमध्ये १९ वर्षांपर्यंतच्या १६००हून जास्त आयांवर तपासली. २०१५ साली निकाल आला. धूम्रपान, बाळाचं वजन, दोन वर्षांत पुन्हा दिवस जाणं, यात फरक पडलाच नाही. पुढे ती मुलं शाळेत जायच्या वयाची झाली तेव्हा त्यांच्या तयारीत थोडा फायदा दिसला, इतकंच."

इथे बराच वेळ गेला. अण्णांच्या मते याचा अर्थ असल्या योजना म्हणजे पैशाची नासाडी. मास्तरांचं म्हणणं, इंग्लंडात दाई आणि घरी येणारी आरोग्यसेविका सगळ्यांनाच मिळते, म्हणून वरच्या मदतीचा फरक लहान दिसला असणार. जिथे काहीच नाही तिथलं गणित वेगळं. मी मास्तरांच्या बाजूनं. दार वाजवणारं कुणीच नसलेल्या मुलीला एक दार वाजवणारी मिळाली, तर तिचं आयुष्य हलतं.

माझा खरा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे, आणि तो मी बोलून दाखवला. बाळंतपणापर्यंत सगळे धावतात. बाळ झालं, पेढे वाटले गेले की मुलगी एकटी. झोप नाही, दूध नीट येत नाही, शाळा सुटलेली, मैत्रिणी तुटलेल्या. नर्सताई म्हणाल्या, बाळंतपणानंतरचं नैराश्य ओळखायला दहा प्रश्नांची एक साधी चाचणी १९८७पासून वापरात आहे, एडिनबरा नावाची. कागदावर पाच-दहा मिनिटांचं काम. ती तुम्ही घेता का, हेही विचारायचं. पुढच्या गर्भधारणेत किमान दोन वर्षांचं अंतर राहावं म्हणून गर्भनिरोधकाचा सल्ला मिळतो का, तेही.

मास्तरांना शाळेचंच पडलं होतं. बाळाला दिवसभर कोण सांभाळणार, हे ठरल्याशिवाय 'शिक्षण चालू ठेव' म्हणण्याला अर्थ नाही, असं ते तीनदा म्हणाले. पाळणाघर, परीक्षेला मुदतवाढ, अंगावर पाजायला जागा, हे शाळेशी बोलून लेखी घ्यायचं.

"आणि तो मुलगा?" अण्णांनी मध्येच विचारलं. "तोही सतरा-अठराचा असेल. त्याला कोण समजावणार?"

नर्सताई म्हणाल्या, जबरदस्ती नसेल आणि मुलीला तो हवा असेल, तरच त्याला आत घ्यायचं. अण्णांना ते पटलं नाही. बाप म्हणून त्याचा हक्क आहे, असं ते ठासून सांगत राहिले.

बंड्या मात्र वादातून केव्हाच बाहेर पडला होता. त्यानं फोनवरची यादी उघडली आणि पहिला नंबर लावला: कोण उचलतं, किती वाजेपर्यंत उचलतं, आणि आपले प्रश्न विचारले की काय म्हणतं, ते बघायला.