मामा, एकाहत्तर?

गेल्या महिन्यात भाच्याचा विसावा वाढदिवस झाला. शर्ट दिला तर तो घालत नाही, पुस्तक दिलं तर उघडत नाही. म्हणून या वेळी स्टीमवर, म्हणजे पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात, सेल लागल्याचं बघून मी त्याला 'डेज गॉन' भेट दिला. माझा लाडका गेम. ओरेगॉनच्या जंगलात मोटरसायकलवरून हिंडायचं, पेट्रोल संपलं की कॅन शोधत भटकायचं आणि शेकडो फ्रीकरची, म्हणजे झॉम्बीसारख्या पिसाळलेल्या माणसांची, झुंड मागे लागली की जिवाच्या आकांताने पळायचं. स्वारी जेवून उठली, हात धुतले, फोन काढला, दोनदा अंगठा फिरवला आणि म्हणाली, "मामा, एकाहत्तर?"

तो सूर माझ्या ओळखीचा आहे. माझ्या दहावीच्या निकालाच्या दिवशी आमच्या काकांनी याच सुरात "अडुसष्ट?" म्हणून पेढ्यांचा बॉक्स परत झाकला होता.

तेवीस मिनिटं खेळून भाच्याने रिफंड मागितला. खरेदीला चौदा दिवस उलटले नसतील आणि खेळणं दोन तासांच्या आत असेल तर स्टीम फारसे प्रश्न विचारत नाही. पैसे माझे मला परत आले. तेवीस मिनिटांत हा गेम अजून घसासुद्धा खाकरत नाही. पण चूक माझीच. मी गेम बघून गेम घेतला, आकडा बघायला हवा होता. माझ्यासारखे आणखीही अडाणी मामा-काका असतील, त्यांची भर वाढदिवशी शोभा होऊ नये म्हणून चार गोष्टी सांगून ठेवतो. चार म्हणालो म्हणून मोजत बसू नका.

आधी मोजपट्टी समजून घ्या. दहा म्हणजे चांगला. नऊ म्हणजे ठीक. आठ म्हणजे काहीतरी गडबड आहे. सात म्हणजे त्या स्टुडिओतल्या लोकांनी आता दुसरा धंदा बघावा. सहा आणि त्याखालचे आकडे शोकेसमधल्या कपबशांसारखे, वापरायचे नसतात. 'एज' नावाचं एक ब्रिटिश मासिक पाचला सरासरी धरायचं. एक ते दहाच्या मधोमध सरासरी, असला विक्षिप्तपणा त्यांच्याकडेच राहू दे. आपण मेटाक्रिटिक बघायचं, म्हणजे सगळ्या समीक्षकांचे गुण गोळा करून शंभरपैकी एकच आकडा लावणारी वेबसाइट. भाच्याचे एकाहत्तर तिथलेच. तिथे सिनेमाला ६१ पासून हिरवा रंग मिळतो, गेमला मात्र ७५ लागतात. म्हणजे ७१ चा सिनेमा असेल तर घरच्यांना घेऊन जायचं आणि ७१ चा गेम असेल तर तो काविळीने पिवळा पडलेला म्हणून लांब राहायचं. ७५ ला डिस्टिंक्शन हे आपल्याला शाळेपासून पाठ आहे, त्यामुळे जड जाऊ नये. फक्त त्याच शाळेत ६० ला फर्स्ट क्लास होता आणि ३५ ला पास, तेवढं विसरा.

रिव्ह्यू वाचू नका. आकड्याच्या वर जो काळा काळा मजकूर दिसतो, तो खाली जाताना बोटाला व्यायाम व्हावा म्हणून असतो.

आकडा कोणत्या मशीनचा आणि कोणत्या सालचा, असले फाटे फोडू नका. भाच्याने बघितलेले ७१ होते प्लेस्टेशन ४ चे, एप्रिल २०१९ मधले, गेम अडखळत होता, बगांनी भरलेला होता तेव्हाचे. नंतर दुरुस्त्या झाल्या, २०२१ मध्ये तो पीसीवर आला आणि छान पळायला लागला. पण मेटाक्रिटिक समीक्षकाने दिलेला पहिलाच आकडा धरून ठेवतं, मागाहून कोणी मत बदललं तरी. भाच्याकडे पीसी आहे. पीसीचे ७६ आहेत. हिरवे! डिस्टिंक्शन! मी हे सगळं त्याला समजावून सांगितलं. तो म्हणाला, "तेच ना."

आता महत्त्वाचं. गेमला किती मिळायला हवेत हे तुम्ही तो बाजारात येण्याआधी ठरवून ठेवायचं. ट्रेलर बघितलाय ना, मग झालं. समीक्षक बिचारे तीस-चाळीस तास खेळून लिहितात, पण त्यांचं काम तुमचा आकडा बरोबर आहे का ते तपासायचं, आणि तो त्यांना जुळवता आला नाही तर शिक्षा करायची जबाबदारी तुमची. ही परंपरा जुनी आहे. २००६ मध्ये गेमस्पॉट या समीक्षेच्या वेबसाइटने 'झेल्डा: ट्वायलाइट प्रिन्सेस'ला ८.८ दिले तेव्हा नऊ का नाहीत म्हणून रडारड झाली. दोन दशांशांसाठी! भाजीवाल्याकडे कोथिंबिरीच्या काडीवरून आपण भांडत नाही एवढं. २०१३ मध्ये 'जीटीए ५'ला त्याच गेमस्पॉटच्या समीक्षिकेने दहापैकी नऊ दिले. नऊ. गेमचं तोंडभर कौतुक केलं आणि बायकांचं चित्रण वाईट आहे असं चार ओळींत म्हटलं. तिला नोकरीवरून काढा म्हणून याचिका निघाली आणि हजारोंनी सह्या केल्या. २०१७ मध्ये निन्टेन्डोच्या 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड'ला एका समीक्षकाने सात दिले, मेटाक्रिटिकवरचे ९८ घसरून ९७ झाले, तर लोकांनी त्याची वेबसाइटच हल्ला करून बंद पाडली. कशासाठी? निन्टेन्डोची अब्रू एका गुणाने उघडी पडत होती म्हणून? तुमच्या गेममधला एक डोंगर कमी झाला? त्यातल्या नायकाची, लिंकची, तलवार बोथट झाली?

आणि २०२० मधला 'सायबरपंक २०७७' तर विचारूच नका. गेम आला नव्हता, एकाही सह्याजीरावाने तो खेळलेला नव्हता, आणि तरी गेमस्पॉटच्या सातवरून समीक्षिकेला शिव्या सुरू झाल्या. दुसऱ्या एका समीक्षिकेला अपस्माराचा त्रास आहे. गेममधल्या लखलखाटाने तिला झटका आला, म्हणून तिने इतरांना सावध करणारा मजकूर लिहिला. तर आपल्या या शूर वीरांनी तिला काय पाठवलं? झटका यावा म्हणून लखलखणारे व्हिडिओ. हे मी पुन्हा एकदा लिहू शकतो, पण त्याने ते बरं दिसणार नाही. पुढे काय झालं ते जगाला माहीत आहे. समीक्षकांना आधी फक्त पीसीची प्रत दिलेली होती, जुन्या कन्सोलवर गेमची चाळण झाली आणि आठवड्याभरातच प्लेस्टेशनवाल्या सोनीने तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काढून टाकला. ज्यांनी सातसाठी शिव्या दिल्या होत्या त्यातल्या कितींनी जाऊन माफी मागितली? नाही, ते तेव्हा शून्य टाकण्यात गुंतले होते.

असो. रक्तदाब.

रिव्ह्यू चांगला आला तर पैसे खाल्ले, वाईट आला तर समोरच्या पार्टीकडून खाल्ले.

शून्यावरून आठवलं. आकडा द्यायची वेळ तुमच्यावर आली तर लक्षात ठेवा, मेटाक्रिटिकवर वाचकांसाठी शून्य ते दहा असे अकरा पर्याय असले तरी खरे दोनच, टोकाचे. मधले नऊ बायकी दुबळेपणाचे (हे शब्द माझे नाहीत, भाच्याच्या एका मित्राचे, त्याच्या आईच्या कानावर घालणार आहे). 'द लास्ट ऑफ अस पार्ट २' १९ जून २०२० ला आला. संपवायला पंचवीस-तीस तास लागतात. त्या दिवशी हजारो लोकांनी तो दुपारच्या जेवणाआधी संपवून, त्यावर सांगोपांग विचार करून शून्य दिलं. या असामान्य वेगाची दखल घेऊन मेटाक्रिटिकने पुढच्याच महिन्यात गेम आल्यापासून ३६ तास वाचकांचे गुण घेणं बंद केलं. आपण भारतीयही यात मागे नाही हं. २०१७ मध्ये स्नॅपचॅटवर रागावून आपल्या लोकांनी स्नॅपडीलला एक-एक तारा दिला होता. नाव निम्मं जुळतं, पुरे झालं.

दोन समीक्षकांचं पटलं नाही तर सरासरी काढा. 'डेडली प्रिमोनिशन'ला २०१० मध्ये आयजीएनने २ दिले आणि डिस्ट्रक्टॉइडने १०. सरासरी सहा. सहा असं कोणालाच वाटलं नव्हतं, पण एका कानाला उकळतं आणि दुसऱ्याला बर्फ लावलं की डोकं कोमट होतं, तसंच हे. मेटाक्रिटिक तर कोणाला किती वजन द्यायचं हेही स्वतःच ठरवतं आणि सांगत नाही, त्यामुळे तुम्हाला गणित करायचाही त्रास नाही.

हा आकडा कोणाच्या पोटावर येतो का, असा विचार अजिबात मनात आणू नका. 'फॉलआउट: न्यू वेगास' ऑब्सिडियन या स्टुडिओने बेथेस्डा या प्रकाशकासाठी केला होता, २०१० मध्ये. करार असा की मेटाक्रिटिकवर ८५ आले तर बोनस. आले ८४. त्यांच्यातल्याच एकाने दोन वर्षांनी हे सांगून टाकलं. आज त्या गेमचं नाव काढलं की लोकांचे डोळे भरून येतात, पण तेव्हा एका गुणासाठी बोनस हुकला. म्हणजे तुम्ही ९८ चे ९७ झाल्यावर छाती बडवता, त्या एका गुणाची खरी किंमत कोणाला मोजावी लागली ते कळलं का? तुम्हाला नाही. तुमचं काहीच गेलं नाही. तुमचं कधीच काही जात नाही.

आपल्या घरच्या गोष्टीवरही सांगतो. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये 'राजी' काढला. सर्कशीत कसरती करणारी पोर भावाला शोधायला निघते आणि दुर्गा आणि विष्णू तिची गोष्ट सांगतात. किकस्टार्टरवर, म्हणजे लोकवर्गणीच्या वेबसाइटवर, पैसे उभे राहिले नव्हते, तरी ही मंडळी चिकाटीने उभी राहिली आणि 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणाच्या गटात नामांकनापर्यंत पोचली. गेम छोटा आहे, मारामारी जरा अवघडते, पण वाळवंटातल्या महालातून ती पोर पळताना बघितली की मला तरी छान वाटलं. आता ऐका आमच्या इमारतीतल्या एका तज्ज्ञाचं मत: "इंडियन आहे. सहा-सात मिळाले असतील. आपल्याकडे चांगले गेम बनतच नाहीत." हे तो बोलला फोनवरून, 'राजी' न उघडता. आपल्याकडे चांगले खेळणारे तरी कुठे बनतात?

लहानपणी आमच्याकडे व्हिडिओ गेमच्या कॅसेट होत्या, 'नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव गेम' असं छापलेल्या. आत सहा-सात निघायचे. एकाही गेमवर आकडा नव्हता. फुंकर मारून कॅसेट लावायची, दोन मिनिटांत कळायचं 'कॉन्ट्रा' धरून ठेवायचा आणि तो पाणबुडीचा सोडून द्यायचा. कळायचं कसं? खेळून. आपल्याला काय आवडतं हे आपल्याला माहीत होतं. ते विचारायला कोणाच्या दारात जावं लागत नव्हतं.

आणि आता इथे मी उपरोध वगैरे बंद करतो, कारण माझ्याने होत नाही. अरे, तुम्हाला स्वतःचं मत नाही. तुम्हाला आकडा हवा असतो कारण आवडलं असं म्हणायची हिंमत नाही. पिवळ्या चौकटीतला गेम आवडला तर मित्र हसतील, हिरव्यातला आवडला नाही तर लाज वाटेल. म्हणून आधीच ठरलेलं मत उचलता आणि त्याच्यासाठी माणसांच्या मागे लागता. जिने तीस तास बसून प्रामाणिकपणे सात दिले तिला धमक्या देता, नोकरी घालवायला निघता, आजारपणाची चेष्टा करता. ९६ आणि ९४ मध्ये तुम्हाला फरक दिसत असेल तर तो सांगा ना मला, खेळताना नेमका कोणत्या वळणावर दिसतो तो. नाही सांगता येणार. कारण तुम्ही ९६ वाला 'एल्डेन रिंग' आणि ९४ वाला 'गॉड ऑफ वॉर' दोन्ही अर्धे सोडलेत आणि भांडण मात्र पूर्ण केलंत. लाज वाटली पाहिजे.

बरं, काल रात्री भाच्याचा मेसेज आला. कोणीतरी यूट्यूबर म्हणतोय की 'डेज गॉन' म्हणजे अंडररेटेड रत्न आहे, लोकांना कळलाच नाही. "मामा, परत घेशील?"

सेल संपलाय.