आई तीन

काल मीटिंगमध्ये पडद्यावर हातभर उंचीचं शून्य झळकलं आणि त्याच्या शेजारच्या रकान्यात माझं आडनाव होतं. ‘ब्लोअर मोटर बदल, वीजबचत : 0 टक्के.’ मी पाणी प्यायलो. दुसरं काय करणार?

ब्लोअर म्हणजे हवा फेकणारा पंखा. त्याची मोटर साडेसात किलोवॉटची, चार पोलची. जुनी आयई 1 वर्गातली. ती कधी जळलीही नव्हती, हाच तिचा गुन्हा. मी आयईसी 60034-30-1 या मानकातला तक्ता दाखवून सगळ्यांच्या मागे लागलो : 50 हर्ट्झला आयई 1 ची कार्यक्षमता 86 टक्के, आयई 3 ची 90.4. नवी मोटर आली, बसली.

तेवढ्यात अण्णा आले. अण्णा आमचे जुने फिटर. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून नेमप्लेट वाचली.

“आई तीन? साहेब, हिला तीन आया?”

“आई नाही हो अण्णा, आय, ई. कार्यक्षमतेचा वर्ग आहे तो. एक म्हणजे साधी, दोन बरी, तीन चांगली, चार त्याहून चांगली.”

“मग चौथीतली सोडून तिसरीतली का आणली?”

हा प्रश्न मला मंजुरी देणाऱ्यांनीसुद्धा विचारला नव्हता. मी घसा खाकरला.

मग अण्णांनी मोटरच्या अंगावर तळहात ठेवला. टाँगटेस्टर, म्हणजे करंट मोजायचा चिमटा, त्यांना चालतो, पण विश्वास तळहातावर. डोळे मिटून बराच वेळ उभे राहिले. आजाऱ्याच्या खोलीत पसरते तशी शांतता पसरली.

“गार आहे,” ते म्हणाले.

“गारच हवी! आत तांबं जास्त, पत्रे चांगले. कमी वीज उष्णतेत जाते.”

“जुनीचं अंग दोन तासांत तापायचं. राबायची बिचारी. ही काही करतेय असं वाटत नाही.”

“अण्णा, घाम गाळला म्हणजे काम झालं असं नसतं.”

अण्णांनी माझ्या शर्टाकडे पाहिलं. शर्ट कोरडा, इस्त्रीचा. ते काही बोलले नाहीत आणि तेच मला अजून लागतंय.

खरं तर माणसांसाठीही असा तक्ता हवा. नुसती तापणारी माणसं कष्टाळू ठरतात आणि गुपचूप काम उरकणाऱ्याला ‘मोकळाच दिसतोस’ म्हणून आणखी काम मिळतं. असो.

महिनाभराने मीटर पाहिलं तर आकडा जवळपास तोच. घोळ कळायला मला दोन रात्री लागल्या. चांगल्या मोटरचा रोटर, म्हणजे आतला फिरणारा भाग, वेगात कमी मागे पडतो. जुनी मिनिटाला 1440 फेरे घ्यायची, नवी 1465. फरक पावणेदोन टक्के. पण पंख्याला लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते, म्हणजे पाच टक्क्यांहून थोडी जास्त. मोटरने वाचवले होते पाचच टक्के. वाचवलेली वीज मी अक्षरशः हवेत उडवली होती. 1465 हा आकडा नेमप्लेटवर ठळक छापलेला होता. मी 90.4 वरच खूश होतो.

मीटिंगमध्ये मी ‘घन’ हा शब्द उच्चारला तेव्हा कुणीतरी जांभई दिली. साहेबांनी विचारलं, “म्हणजे नवी मोटर जास्त काम करते?”

“हो.”

“आपण सांगितलं होतं?”

“नाही.”

बरं, जगातली जवळपास निम्मी वीज मोटरींतून जाते, म्हणून हे वर्ग लागतातच. मानकाशी माझं भांडण नाही. पण याच ब्लोअरचा डॅम्पर, म्हणजे हवा अडवायची झडप, कित्येक वर्षं अर्धा बंद आहे, कारण हवा पहिल्यापासूनच जास्त होती. आधी वीज जाळून हवा तयार करायची, मग झापड लावून ती कोंडायची! त्या डॅम्परला कुठला वर्ग नाही, त्याच्यासाठी पडद्यावर रकाना नाही आणि त्याच्या शेजारी कुणाचं आडनावही नाही. शून्य मात्र माझ्या वाट्याला.

उपाय साधा आहे. ब्लोअर पट्ट्यावर चालतो, मोटरवरची पुली किंचित लहान केली की पंख्याचा वेग पूर्वीइतका. मी लगेच मागणी टाकली. आज स्टोअरचा शेरा आला : ‘सध्याची पुली तुटली आहे काय? नसल्यास कारण द्यावे.’

अण्णांनी कागद वाचला, खिशातून पाना काढला आणि हळूच विचारलं, “तोडू का?”