‘तीन बटणे’ या प्रतिक्रियेला उत्तर

हिमबाण यांस,

‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट क्लासिक’ या ऑनलाइन खेळातल्या फ्युरी वॉरियरवरच्या (दोन्ही हातांत शस्त्र धरून जवळून मारणाऱ्या योद्ध्यावरच्या) माझ्या लेखाखाली आपण नोंदवलेल्या प्रतिक्रियेला दोन ओळींत उत्तर देऊन विषय संपवावा, असा माझा विचार होता. परंतु तिच्याखाली ‘अगदी बरोबर’, ‘मनातले बोललात’ अशा पुरवण्या जोडणारे वाचक वाढत चालले, तेव्हा सविस्तर लिहिणे भाग पडले. ज्यांच्या नजरेतून ती निसटली असेल त्यांच्यासाठी आपली प्रतिक्रिया आधी जशीच्या तशी देतो (तीतला बॉस म्हणजे सर्वांनी मिळून मारायचा मोठा शत्रू, मीटर म्हणजे कोणी किती मार दिला ते दाखवणारी यादी, शमन आणि हीलर म्हणजे साथीदारांना बळ देणारे आणि बरे करणारे खेळाडू):

‘साहेब, लेख छान रंगवला आहे, पण हाणामारीचा वॉरियर म्हणजे बॉसच्या पाठीमागे उभे राहून तीन बटणे आलटूनपालटून दाबणारा माणूस, त्यात एवढे तत्त्वज्ञान कशाला? मीटरवर तुमचे नाव वर दिसते ते शमन आणि हीलर यांच्या कृपेने. बडोद्यातून युरोपच्या सर्व्हरवर खेळणाऱ्याने टायमिंगवर बोलूच नये. नव्या माणसाने सामान कुठून मिळवायचे यावर एक ओळ नाही. आणि चामड्याचे चांगले सामानही वॉरियरच उचलून नेतात, हे सोयीस्करपणे विसरलात.’

मतभेदाला माझी हरकत कधीच नव्हती. याच ठिकाणी हंटर खेळणाऱ्या एका वाचकांशी माझा किती तरी दिवस वाद चालला होता. त्यांनी माझे एकही म्हणणे मान्य केले नाही, पण एकदाही ‘साहेब’ म्हणून खांद्यावर हात ठेवला नाही. ‘लेख छान रंगवला आहे’ ही स्तुती आहे असे कोणी समजू नये. रंगवतात त्या थापा. आणि जो माणूस स्वतःच्या टोपणनावावरूनच मेज, म्हणजे लांबून मंत्र फेकणारा जादूगार, असल्याचे जाहीर करतो, ज्याचा सारा खेळ तीस-पस्तीस यार्डांवरून एकच मंत्र पुन्हा पुन्हा फेकण्यात जातो, त्याने दुसऱ्याची बटणे मोजावीत याची मला गंमत वाटली. असो.

एक गोष्ट मान्य करतो, म्हणजे मी हट्टाला पेटलो आहे असे कोणाला वाटायला नको. खेळातल्या होर्ड आणि अलायन्स या दोन पक्षांपैकी मी होर्डच्या बाजूने खेळतो, हे लेखाच्या शीर्षकातच यायला हवे होते. वॉरक्राफ्ट क्लासिकमध्ये अलायन्सकडे शमन नाही, त्यामुळे विंडफ्युरी टोटेमही (जवळच्या साथीदारांना जादा वार देणारा शमनचा खांब) नाही, आणि विंडफ्युरीखाली मारणाऱ्या वॉरियरचे आकडे त्याच्याशिवाय मारणाऱ्याशी ताडून पाहता येत नाहीत. मात्र ‘कृपा’ हा शब्द मला मान्य नाही. ते टोटेम पाचजणांच्या पार्टीपुरते आणि वीस यार्डांच्या आत चालते. मुख्य हाताच्या वारामागे जादा वार मिळण्याची शक्यता त्यात वीस टक्के असते, आणि तो जादा वार कधी पडेल हे आपल्या हाती मुळीच नसते. लढाईच्या पहिल्या पाच-सात सेकंदांत, टँकने (बॉसचे वार स्वतःवर घेणाऱ्या खेळाडूने) बॉसला जेमतेम धरलेले असताना, तसे दोन वार लागोपाठ क्रिट होऊन, म्हणजे जादा जोराने, पडले तर तो बॉस आपल्याकडे तोंड करून उभा राहतो. शमनकडे थ्रेट (बॉसचा आपल्यावरचा राग, ज्यावरून तो कोणाला मारायचे ते ठरवतो) वीस टक्क्यांनी उतरवणारे ट्रँक्विल एअर टोटेमही आहे, पण दोन्ही टोटेमे हवेची असल्याने एका वेळी दोहोंपैकी एकच ठेवता येते. ज्याला आपण कृपा म्हणता ती घेताना मान किती पुढे करावी लागते, हे कधी शमनच्या पार्टीत बसून पाहा.

आता मुख्य वाक्याकडे येतो.

‘बॉसच्या पाठीमागे उभे राहून’ असे आपण लिहिता, जणू पाठीमागे उभे राहणे ही आळशी माणसाची सोय आहे. समोर उभे राहिल्यास बॉस आपला वार पॅरी करतो, म्हणजे शस्त्राने अडवतो. पॅरी केल्यावर त्याचा स्वतःचा पुढचा वार लवकर येतो. आणि तो वार खातो टँक. समोर उभा असलेला उतावळा वॉरियर आपल्याच टँकला मारत असतो, हे त्या टँकला कळते, हीलरला कळते, फक्त त्या वॉरियरला कळत नाही. पाठीमागून मारल्यावर पॅरी आणि ब्लॉक (ढालीने अडवणे) दोन्ही जातात, डॉज (अंग चुकवणे) तेवढा राहतो. पण हा नियम पाठ करून जो ऑनिक्सिया या ड्रॅगनच्या मागे जाऊन उभा राहील, तो तिच्या शेपटीच्या फटक्याने उडून अंड्यांत जाऊन पडेल आणि पिल्लांचा थवा घेऊन परत येईल. तिच्यापुढे जबडा आणि श्वास, मागे शेपटी. उभे राहायचे ते कुशीला, मागच्या पायाजवळ, आणि टँक तिला जरा फिरवतो तेव्हा आपणही तितकेच फिरायचे. बॅरन गेडन हा बॉस इन्फर्नो (भोवतालची आग) सुरू करतो तेव्हा हातातला वार सोडून बाहेर पळावे लागते. रॅग्नारॉस जवळच्या सगळ्यांना उडवून देतो आणि तीन मिनिटांत मेला नाही तर लाव्ह्यात बुडी मारून आठ पोरे वर पाठवतो. या सगळ्या वेळी आपण मेज लोक दूर उभे असता. तो आपला दोष नाही, ती त्या क्लासची (पात्रप्रकाराची) रचना आहे. पण मग पाठीमागची जागा किती सुखाची आहे हे आम्हाला सांगू नये.

आता बटणे. प्रत्येकाला रेज लागतो, म्हणजे लढताना साठणारे आणि वारांवर खर्च होणारे बळ. ब्लडथर्स्ट ३० रेजला, व्हर्लविंड २५ रेजला, हिरोइक स्ट्राइक १५ रेजला. झाली तीन. आपण मोजणी इथेच थांबवली. या तिघांना लागणारा रेज आपोआप साठत नाही. तो आपल्या साध्या वारांतून येतो, आणि वार चुकला तर येत नाही. दोन शस्त्रे धरली की साध्या वाराला चुकण्याचा १९ टक्के दंड वर लागतो. हिरोइक स्ट्राइक हा पुढच्या साध्या वाराची जागा घेतो, म्हणजे १५ रेज खर्च होतो तो एक, आणि त्या वारातून जो रेज मिळणार होता तो बुडतो हा दुसरा तोटा. त्यामुळे जाणता वॉरियर हिरोइक स्ट्राइक रांगेत लावतो, कारण तो रांगेत असेपर्यंत डाव्या हाताच्या वारावरचा तो १९ टक्क्यांचा दंड उतरतो. आणि रेज पुरेसा नसेल तर मुख्य हाताचा वार पडण्याच्या आधी तो रद्द करतो. बटण दाबायचे आणि मग ते दाबणे मागे घ्यायचे, हे दर दोन-अडीच सेकंदांनी, सगळी लढाई. याला चौथे बटण म्हणायचे की नाही ते आपण ठरवा.

बॉसचे रक्त २० टक्क्यांखाली गेले की एक्झिक्यूट (शेवटचा मोठा वार) सुरू होतो, आणि इथे तर डोळे मिटून एकच बटण दाबायचे असा आपला समज असणार. हिशेब असा. एक्झिक्यूटची सर्वांत वरची पायरी ६०० चा मार देते आणि उरलेल्या प्रत्येक रेजमागे १५ वाढवते. त्याला मुळात १५ रेज लागतो, टॅलंटमध्ये (खेळाडूने निवडायच्या खास कौशल्यांत) दोन गुण घातले तर १०. म्हणजे हाती ३० रेज असताना एक्झिक्यूट दिला तर ६०० अधिक वीस गुणिले पंधरा, एकूण ९००. तोच ३० रेज ब्लडथर्स्टला दिला तर अटॅक पॉवरच्या (वॉरियरच्या माराच्या ताकदीच्या आकड्याच्या) ४५ टक्के मार मिळतो. अटॅक पॉवर २००० असेल तर तेही ९००. पॉवर त्याच्या वर गेली, आणि सगळे बफ (ताकद तात्पुरती वाढवणाऱ्या गोष्टी) घेऊन आलेल्या माणसाची ती जाते, की शेवटच्या वीस टक्क्यांतही ब्लडथर्स्ट मध्ये घालावा लागतो. पॉवर खाली असेल तर घालू नये. बफ मध्येच संपला की उत्तर बदलते. मी रेडच्या (बॉस मारायच्या सामूहिक मोहिमेच्या) आधी हा आकडा चिठ्ठीवर लिहून मॉनिटरच्या कडेला चिकटवतो. एवढे सगळे केल्यावर कोणी ‘तीन बटणे’ म्हणून गेला की राग येतो, आणि तो आला याबद्दल मी दिलगिरी व्यक्त करणार नाही.

याही पलीकडे जो मुद्दा माझ्या लेखाचा गाभा होता, आणि जो आपण वाचलाच नाही असे मला प्रामाणिकपणे वाटते, तो हात आवरण्याचा. जवळून मारणाऱ्याने टँकच्या थ्रेटच्या ११० टक्क्यांवर पाऊल टाकले की बॉस त्याच्याकडे वळतो; लांबून मारणाऱ्याला ही मर्यादा १३० टक्क्यांची आहे. म्हणजे आपल्याला वीस टक्क्यांची जास्तीची सूट आहे. रोग या क्लासकडे थ्रेट उतरवायला फेंट आहे, व्हॅनिश आहे. त्यासाठीच हंटर मेल्याचे सोंग घेतो. वॉरियरकडे चढलेला थ्रेट उतरवायला काहीही नाही. अलायन्सच्या वॉरियरला पॅलाडिनचे थ्रेट कमी करणारे सॅल्व्हेशन मिळते, आम्हाला तेही नाही. न मारणे हाच आमचा एकमेव उपाय, आणि न मारलेला वार कोणत्याही मीटरवर दिसत नाही.

वेलास्ट्राझ या बॉसचे उदाहरण घ्या. ही लढाई सुरू होते तीच त्याच्या ३० टक्के रक्तावर, आणि तो सर्वांना जे वरदान देतो त्याने दर सेकंदाला २० रेज मिळतो. इथे रेजचा प्रश्नच उरत नाही, म्हणून आपले तीन बटणांचे वर्णन कुठे खरे ठरायचे तर ते इथे ठरायला हवे. पण दर ४५ सेकंदांनी तो समोरच्या टँकवर बर्निंग अ‍ॅड्रेनलिन टाकतो आणि तो टँक मरतोच, कोणताही हीलर त्याला वाचवू शकत नाही. मेलेल्या टँकचे नाव थ्रेटच्या यादीतून गेले की बॉस यादीतल्या पुढच्या नावाकडे वळतो. ते नाव दुसऱ्या टँकचे असायला हवे. त्या जागी फ्युरी वॉरियर असला तर बॉस जागेवर फिरतो, त्याचा क्लीव्ह (अनेकांना एकदम बसणारा वार) आणि श्वास जवळच्या सगळ्यांवर पडतो, आणि चाळीस माणसांची रात्र वाया जाते. म्हणून त्या लढाईत नजर पहिल्या टँकवर ठेवून उपयोग नाही. मोजायचे ते दुसऱ्या टँकच्या थ्रेटशी, तो जिवंत टँकच्या सावलीत मागे असला तरी. रेज शंभरावर भरलेला, एक्झिक्यूट उजळलेला, आणि आपण हात बांधून दोन-तीन सेकंद उभे. आमच्या गिल्डमध्ये (नेहमी एकत्र खेळणाऱ्यांच्या गटात) ज्यांना हे जमले नाही त्यांची नावे मी घेत नाही, पण मीटरवर ते नेहमी माझ्या वर असत, मरेपर्यंत.

बडोद्याबद्दल आपण जे लिहिले त्याचे वाईट वाटले. मी २०१९ च्या ऑगस्टमध्ये क्लासिक सुरू झाले त्या आठवड्यापासून खेळतो आहे, आणि मूळ खेळ त्याच्याही कितीतरी आधी विद्यापीठात असताना, एका कॅफेतल्या तासाच्या भाड्याच्या संगणकावर शिकलो. युरोपच्या घड्याळात रात्रीचे आठ वाजतात तेव्हा इथे उन्हाळ्यात साडेअकरा आणि हिवाळ्यात साडेबारा झालेले असतात. नवरात्रात तर गल्लीतला गरबा आणि कानांतला रेड लीडर यांच्यात कोणाचे ऐकायचे हा प्रश्न असतो, आणि सकाळी ऑफिस चुकत नाही. पिंग (सर्व्हरपर्यंत संदेश जाऊन येण्याचा वेळ, मिलिसेकंदांत) दीडशेच्या खाली क्वचित उतरतो. पण ज्याला वार उशिरा पोहोचणार हे ठाऊक आहे, तो वेळेचा विचार इतरांपेक्षा जास्त करतो, कमी नाही. माझे वडील दांडिया बाजारातल्या जुम्मादादा व्यायाममंदिरात लाठी शिकले, मीही शाळेत असताना तिथे गेलो, आणि लाठी हातात देण्याआधी तिथे अंतर शिकवतात: समोरच्याची काठी कुठवर पोहोचते, आपली कुठवर, आणि पाय कधी मागे घ्यायचा. मला टायमिंग शिकवण्याआधी आपण निदान एखादी काठी हातात धरली आहे का, हे विचारण्याचा मला अधिकार आहे असे मी समजतो.

राहिलेल्या गोष्टी थोडक्यात. हीलरच्या कृपेचे म्हणाल तर चाळीस माणसांच्या रेडमध्ये त्यांच्या कृपेवाचून कोण जगतो, मेजसुद्धा नाही. चामड्याच्या सामानाचा वाद इतका जुना आणि इतका कंटाळवाणा आहे की त्यात मी पडणार नाही. ज्या चामड्यावर ताकद आणि क्रिट आहे ते वॉरियरच्या अंगावर जास्त काम करते, आणि हे रोगलाही माहीत असते. नव्या माणसाच्या सामानाचा आपला मुद्दा स्वतंत्र लेखाचा आहे, हा लेख त्यासाठी नव्हता. सामान नसलेल्या वॉरियरचे हाल होतात हे सर्वश्रुत आहे, त्यावर पुन्हा केव्हातरी.

आपली प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. यापुढे काही लिहायचे असेल तर कृपया वेलास्ट्राझवरचा आपला एखादा लॉग (लढाईची नोंद) सोबत जोडावा, म्हणजे आकड्यांवर बोलता येईल. आणि ‘साहेब’ तेवढे वगळावे.