‘जेरोंटोलॉजीचा कोर्स करा, गोव्यात लठ्ठ पगार पक्का’: खुलासा

म्हापसा-फोंड्याच्या व्हॉट्सॲप गटांत हा मेसेज फिरतोय. गोव्यात म्हातारी माणसं जास्त, हे खरं; 2011च्या जनगणनेत साठीपुढचे 11 टक्क्यांवर होते, देशात साडेआठच्या आसपास. पण गरज मोठी म्हणून पगार मोठा, असं होत नाही.

जेरोंटोलॉजी म्हणजे वृद्धत्वाचा अभ्यास; जेरियाट्रिक्स ही डॉक्टरांची वैद्यकशाखा. मेसेजवाल्याने दोन्हींची खिचडी केलीय. पगार ठरतो तो मूळ पदवीवर: एमडी डॉक्टर, नोंदणीकृत नर्स, फिजिओथेरपिस्ट, समाजकार्यवाला की सहा महिन्यांचं प्रमाणपत्र घेतलेली केअरगिव्हर. मग अनुभव आणि मालक कोण: सरकार, खासगी इस्पितळ, की देणग्यांवर चालणारा वृद्धाश्रम. घरपोच सेवेत एजन्सीचा वाटा कापला जातो, हे मेसेजात कुठेच नाही!