"टाकी सरकारची, मग पाणीपट्टी कसली?" या मेसेजला उत्तर

"जलजीवनची योजना सरकारने फुकट बांधली. पाणी देवाचं, पंप सोलरवर. ग्रामपंचायतीची पाणीपट्टी बेकायदा आहे, कुणीही भरू नका." हा मजकूर सध्या गावोगावच्या ग्रुपांवर फिरतोय. त्यातला एकेक दावा पाहू.

फुकट बांधली. पूर्ण फुकट नाही. गावातल्या कामांच्या खर्चात 10 टक्के लोकवर्गणी धरलेली असते, डोंगरी किंवा निम्म्याहून जास्त अनुसूचित जाती-जमातींच्या गावांत 5 टक्के. शिवाय तो पैसा बांधकामाचा. टाकी बांधून दिली तरी योजना रोज चालवायची ग्रामपंचायतीनेच.

बेकायदा. ग्रामपंचायत अधिनियम 1958 चं कलम 124 वाचा, पाणीपट्टीचा अधिकार तिथेच आहे. कलम 129 मध्ये वसुलीची रीत दिली आहे: आधी बिल, मग मागणीचा हुकूम, मग जप्ती.

पाणी देवाचं, खर्च कसला? विहिरीपर्यंत देवाचं, पुढे वीजबिल. 1500 वस्तीला माणशी 55 लिटर धरले तर दिवसाला 82,500 लिटर लागतात. 5 एचपीचा पंप ताशी 15,000 लिटर चढवत असेल तर साडेपाच तास चालतो आणि साधारण 25 युनिट खातो, महिन्याला 750.

मग टीसीएल, म्हणजे पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग पावडर. लिटरमागे 2 मिलिग्रॅम क्लोरीन द्यायचं तर 33 टक्क्यांची ताजी पावडर रोज अर्धा किलो लागते. पोतं उघडं राहून ती 20 टक्क्यांवर उतरली की तेवढ्याच पाण्याला सव्वाआठशे ग्रॅम. पुष्कळ गावांत मोजमाप जुनंच राहतं आणि ओटी टेस्टला, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलंय का ते बघायच्या चाचणीला, शेवटच्या घरच्या नळाचं पाणी पिवळं होतच नाही. तिथे किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन उरायला हवं. पावडर थेट टाकीत ओतणं हा आणखी एक घोळ. चुना तळाशी बसतो. बादलीत कालवून, निवळू देऊन, वरचं पाणीच टाकीत सोडायचं आणि नळ अर्ध्या तासाने चालू करायचे.

आता हिशोब. युनिटला 7 रुपये धरले तर वीज 5,250, पाणी सोडणाऱ्याचं मानधन 6,000, टीसीएल 900, दुरुस्तीला बाजूला 3,000. एकूण 15,150. घरं 300, म्हणजे घरटी महिन्याला साधारण 50 रुपये. आकडे आपल्या गावचे घालून बघा. निम्म्यांनीच भरले तर तेच 101 होतात, किंवा थकबाकीपोटी पंपाची वीज तुटते.

सोलर आहे ना. वीजबिल वाचतं, एवढंच. पावसाळी ढगांत टाकी अर्धीच भरते. उन्हाळ्यात बोअरची पातळी उतरली आणि ड्राय रनचं (पाण्याविना पंप कोरडा चालू नये म्हणूनचं) संरक्षण नसेल तर मोटार सोलरवरचीही जळते. पंप वर काढायची मजुरी आणि रिवाइंडिंग ठरलेलं.

पैसे भरूनही पाणी येत नाही. ही तक्रार मात्र खरी असू शकते, आणि हिशोब मागायचा तो इथे. ग्रामसभेत पाणीपुरवठ्याच्या खात्याचं पासबुक, घरनिहाय वसुलीची यादी, वीजबिलं आणि टीसीएलची साठा नोंदवही मागा. वरच्या आळीत पाणी चढत नसेल तर खालच्या नळांना थेट मोटारी लावल्यात का, तेही बघा. मोटार पाणी ओढते तेव्हा लाइनमधला दाब घसरतो आणि गळक्या जॉइंटमधून गटाराचं पाणी आत शिरतं.